हाड मोडण्याचा धोका आपल्याला आपला वाटतो का?

सुरंगी

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका वाडीत राहते. माझे वय ६३ आहे. तीन वर्षांपूर्वी श्रावणात मागील दारच्या चिऱ्याच्या पायरीवरून विहिरीकडे उतरताना शेवाळावर पाय सटकला, हात टेकला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते, नंतर ते निघाले, हात पूर्ववत झाला आणि मी तो विषय मनातून काढून टाकला.

या वर्षी मुलीने हट्ट धरला म्हणून कोल्हापूरला जाऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली. कण्याचा टी-स्कोअर उणे २.९ आणि खुब्याच्या हाडाच्या मानेचा उणे २.६ आला. डॉक्टरांनी ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार असल्याचे सांगितले, संगणकावर काही माहिती भरली आणि येत्या दहा वर्षांत मोठा अस्थिभंग होण्याची शक्यता ८ टक्के, तर खुबा मोडण्याची २.६ टक्के आहे असे कागदावर लिहून दिले. तो कागद आणि औषधाची चिठ्ठी मी पंचांगात ठेवली. त्याला आता चार महिने झाले. औषध अजून आणलेले नाही.

मी निष्काळजी बाई नाही. घरातील प्रत्येकाच्या गोळ्यांच्या वेळा मला तोंडपाठ आहेत. मात्र हा अहवाल वाचताना तो दुसऱ्या कोणाचा तरी असावा असे वाटत राहते. मी रोज दोन कळशा पाणी आणते, बागेत फिरते, माझे काही दुखत नाही. मला भीती वाटत नाही हे खरे, पण ती का वाटत नाही याचेच आता कोडे पडले आहे. ज्यांना हा आजार आहे त्या भगिनींना आपले हाड पुन्हा मोडू शकते हे आतून पटलेले आहे का, आणि पटले असल्यास ते कशामुळे पटले, हे जाणून घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे.

तिरफळ

सुरंगीताई, माझा अनुभव अगदी हाच आहे. मी मालवणची, निवृत्त शिक्षिका, वय ६८. मला मधुमेह आहे आणि हाडांचा हा आजारही आहे. साखर वाढली की घशाला कोरड पडते, रात्री तीनदा उठावे लागते, शिवाय घरच्या यंत्रावर बोट टोचले की आकडा समोर येतो. शरीर स्वतःच तक्रार करते, म्हणून मी मधुमेहाला मान देते. हाड मात्र मोडेपर्यंत अवाक्षर बोलत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीला आजार म्हणायची आपल्याला सवयच नाही. माझी आई तर म्हणत असे, "माका काय होवचा नाय." हाच विश्वास माझ्यातही उतरला असावा.

केवडा

मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे आणि अस्थिभंगानंतरचे रुग्ण गेली बावीस वर्षे पाहते आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आधी आकड्यांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली टी-स्कोअरची व्याख्या ठरवली. निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरी घनतेशी तुलना करून उणे २.५ किंवा त्याखाली आकडा असेल तर ऑस्टिओपोरोसिस, आणि उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान असेल तर ऑस्टिओपेनिया, म्हणजे त्याच्या अलीकडची पायरी. डॉक्टरांनी संगणकावर जे गणित मांडले ते बहुधा फ्रॅक्स असावे. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात तयार झालेली ही पद्धत २००८ साली सर्वांसाठी खुली झाली आणि तिच्यात भारतासाठी वेगळे कोष्टक आहे. वय, वजन, उंची, पूर्वीचा अस्थिभंग, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, मद्यपान, स्टेरॉइड, आमवात अशा गोष्टी भरल्या की पुढील दहा वर्षांची शक्यता समजते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. माझ्याकडे मनगट मोडून आलेल्या बाईला "काय झाले?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते. शेवाळ होते, पायरी ओली होती, कुत्रा आडवा आला, लुगड्यात पाय अडकला. पडल्याची हकीगत ती इतकी तपशीलवार सांगते की तीत हाडाचा उल्लेखच येत नाही. शेवाळाला शिक्षा होते आणि हाड निर्दोष सुटते. वास्तविक उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून प्रौढ माणसाचे हाड मोडले, तर ते हाड मुळातच कमकुवत असल्याची शंका घ्यावी, हा आमच्या क्षेत्रातील प्राथमिक नियम आहे. एकदा असे हाड मोडलेल्या स्त्रीचे पुन्हा कोणते तरी हाड मोडण्याची शक्यता, तसे न झालेल्या स्त्रीच्या तुलनेत साधारण दुप्पट असते.

हे फक्त कोकणातच घडते असेही नाही. दहा देशांतील ५५ वर्षांवरील ६० हजारांहून अधिक स्त्रियांचा ग्लो नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात भारत नव्हता. आपल्या वयाच्या इतर बायकांच्या मानाने तुमचा धोका किती, असे विचारल्यावर ऑस्टिओपोरोसिसचे निदान झालेल्या स्त्रियांपैकी फक्त ४३ टक्के स्त्रियांनी तो अधिक असल्याचे सांगितले. निदान हातात असूनही निम्म्याहून अधिक स्त्रियांना आपण इतरांसारख्याच, किंवा इतरांपेक्षा सुरक्षित वाटत होतो. तेव्हा सुरंगीताई, तुम्ही एकट्या नाही.

एक प्रश्न मात्र विचारते. फ्रॅक्सची माहिती भरली जात असताना तुमच्या मनगटाची नोंद झाली होती का? ८ टक्के हा आकडा मला थोडा कमी वाटतो.

पडवीतला

केवडाताईंच्या ज्ञानाविषयी आदर आहे, पण मला हे सर्व पटत नाही. चिऱ्याच्या पायरीवर आपटल्यावर कोणाचेही हाड मोडेल. माझा तिशीतला पुतण्या गेल्या पावसाळ्यात पाखाडीवर घसरला आणि त्याचाही हात मोडला, मग त्यालाही ऑस्टिओपोरोसिस म्हणायचे का? आमची आई ८८ वर्षांची होईपर्यंत भाताच्या लावणीला उतरत होती. तिने कधी कसली तपासणी केली नाही आणि तिचे एकही हाड मोडले नाही. धडधाकट बायकांना टक्केवारी दाखवून घाबरवून सोडले तर त्या घरात बसतील, एवढेच त्यातून निष्पन्न होईल. आठ टक्के म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव बायकांना काही होणार नाही, हेही कोणीतरी सांगायला हवे.

केवडा

पडवीतलादादा, तुमचा पुतण्या कोणत्या वेगाने पडला, किती पायऱ्या गडगडला हे पाहावे लागेल. तिशीतही हाड मोडते हे मान्य आहे. मात्र चिऱ्यावर रोज किती जण घसरतात आणि त्यांतील किती जणांचे मोडते, याचा विचार करावा. लहान मुले दिवसातून चार वेळा पडतात आणि उठून पळतात. पडणे तेच असले तरी आतले हाड तेच राहत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच ते सात वर्षांत हाडांचे वस्तुमान वीस टक्क्यांपर्यंतही घटू शकते आणि त्याची कसलीही चाहूल लागत नाही.

आपल्या आईंचे हाड मोडले नाही ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांचा कणा शेवटी सरळ होता का, एवढेच आठवून पाहावे. हे मी वादासाठी विचारत नाही.

चिरेबंदी

केवडाताईंचा हा शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही, कारण त्याचे उत्तर मला माझ्या आईच्या बाबतीत ठाऊक आहे.

देवगडजवळच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीला दोन कोनाडे होते, एक खाली आणि एक वर. वरच्या कोनाड्यात आई काड्यापेटी आणि वातींचा डबा ठेवत असे, म्हणजे तो आम्हा मुलांच्या हाती लागत नसे. दिवेलागणीला ती टाचा न उचलता तिथपर्यंत हात नेई. पुढे आम्ही मोठे झालो, लग्न होऊन बाहेर पडलो, आणि एका मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा ती काड्यापेटीसाठी नातीला हाक मारताना दिसली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "आता हात पुरत नाही गं." वातींचा डबा खालच्या कोनाड्यात आला होता. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तिचा पाठीचा बाक इतका वाढला की समोरच्या माणसाकडे पाहायला तिला मान वर करावी लागे. आम्ही सर्वांनी, आणि तिने स्वतःही, म्हातारपणी माणूस वाकतोच असे म्हणून ते स्वीकारले. तिची पाठ दोनदा काही आठवडे खूप दुखली होती, तेव्हा लचक भरली असे समजून शेक दिला होता.

ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, माझ्या स्वतःच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मला सांगितले की तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून अधिक उंची कमी झाली असेल तर कण्याचा एक्स-रे काढावा, कारण कण्याचे मणके न पडताही, वाकताना किंवा ओझे उचलताना दबून मोडतात आणि अशा अस्थिभंगांपैकी दोन तृतीयांश कोणाच्या लक्षातच येत नाहीत. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तो कोनाडा आला. आईचे हाड कधी मोडले नाही, असे मी प्रत्येक फॉर्मवर लिहीत आले होते.

सुरंगीताई, तुम्ही कशामुळे पटले असे विचारले होते. मला त्या कोनाड्यामुळे पटले.

अबोली

मला याची दुसरी बाजू लिहायची आहे आणि इथे मी पडवीतलादादांशी अर्धी सहमत आहे.

माझे वय ६६. पाच वर्षांपूर्वी माझा टी-स्कोअर उणे ३.३ आला. त्या दिवशी तपासणी करणाऱ्या व्यक्तीने, चांगल्याच हेतूने, "आता अगदी काचेच्या भांड्यासारखे जपा" असे सांगितले. ते वाक्य माझ्या मनात जे घर करून बसले ते निघेना. मी देवळात जाणे सोडले, कारण वाट उताराची आहे. अंगणात जाणे सोडले, कारण तुळशीभोवती ओल असते. पावसाळ्याचे चार महिने उंबरठा ओलांडला नाही. सुनेने माझी सगळी कामे प्रेमाने काढून घेतली. दोन वर्षांनी माझ्या मांड्या इतक्या क्षीण झाल्या की हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना, आणि एके दुपारी कोरड्या, सपाट, फरशीच्या खोलीत खुर्चीतून उठताना माझा तोल गेला आणि खांद्याजवळचे हाड मोडले. तिथे ना शेवाळ होते ना पायरी.

तेव्हा धोका न वाटणे जितके घातक आहे तितकेच तो अवास्तव वाटणेही घातक आहे, हे मी माझ्या शरीरावर शिकले. मला कोणीतरी पहिल्याच दिवशी एवढे सांगायला हवे होते की धोका आहे, तो कमी करता येतो, आणि तो कमी करण्यासाठी तुम्हाला चालावे लागेल. काचेचे भांडे कपाटात ठेवता येते, बाईला तसे ठेवता येत नाही.

तिरफळ

अबोलीताई, तुमचे शेवटचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे.

मला एक भाषेचा मुद्दा मांडावासा वाटतो. आपल्याकडे गुडघे दुखले तरी "हाडे झिजली" म्हणतात, मानेचे मणके दुखले तरी "झीज" म्हणतात आणि ऑस्टिओपोरोसिसलाही "हाडांची झीज" म्हणतात. त्यामुळे गुडघा न दुखणाऱ्या बाईला आपली हाडे उत्तम आहेत असे वाटते, आणि गुडघा दुखणाऱ्या बाईला आपल्याला जो काही आजार आहे त्यावर तेल चोळणे चालू आहे असे वाटते. गुडघ्याची झीज ही सांध्यातील कुर्चेची असते आणि ती दुखते. हाडांचा ठिसूळपणा हा हाडाच्या आतील जाळी विरळ होण्याचा प्रकार आहे आणि तो दुखत नाही. आमच्या महिला मंडळात मी भरीव आणि विरळ हाडातील फरक उसाच्या कांडक्याच्या आणि वाळलेल्या शेवग्याच्या फांदीच्या उदाहरणाने समजावते. दोन्ही बाहेरून जाड दिसतात, पण शेवग्याची फांदी हातात घेऊन वाकवली की काडकन मोडते.

चाकरमानी

मी डोंबिवलीला असतो, आई-बाबा संगमेश्वरकडे गावी. आईला हे निदान होऊन दोन वर्षे झाली. गेल्या गणपतीत मी न्हाणीघरात भिंतीला पकडायला स्टीलचे दांडे बसवून घेतले आणि दगडी फरशीवर खरखरीत रबराची चटई टाकली. आईने काही म्हटले नाही. शिमग्याला गेलो तेव्हा एका दांड्यावर बाबांचा पंचा आणि दुसऱ्यावर पायपुसणे वाळत होते आणि चटई गुंडाळून माळ्यावर गेली होती. मी चिडलो, तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "पाहुणे आले की विचारतात, घरात कोण आजारी आहे म्हणून. मी काय सांगू?"

तिला धोका कळत नव्हता असे नाही. दांडा धरणे म्हणजे आपण म्हातारे आणि परावलंबी झालो हे चारचौघांत कबूल करणे, असे तिला वाटत होते. पडण्याच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी निघाली. इतरांच्या घरीही असे होते का?

चिरेबंदी

होते. आम्ही सासऱ्यांचे नाव पुढे करून दांडे बसवले आणि सासूबाई ते निमूटपणे वापरू लागल्या.

कोकमआगळ

माझ्या मनात एक शंका आहे. मी रोज नाचणीची भाकरी खाते, सुकट-जवळा घरात नेहमी असतो आणि रोज कॅल्शियमची एक गोळीही घेते. दिवसभर उन्हात असते. एवढे सर्व करत असताना मला धोका आहे हे माझ्या मनाला पटत नाही. टी-स्कोअर उणे २.७ आहे. हाडांना जे हवे ते मी देतेच आहे.

केवडा

कोकमआगळताई, तुमचा आहार चांगला आहे आणि तो सोडू नका. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, काट्यासकट खाल्लेली सुकी मासळीही उत्तम. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम लागते, हे लक्षात घेऊन हिशेब करा. उन्हाविषयी सांगायचे तर भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. शेतात काम करणाऱ्या बाईचेही डोके, हात आणि पाठ झाकलेली असते, म्हणून ते गृहीत न धरता रक्त तपासून घ्यावे.

खरा मुद्दा मात्र पुढे आहे. कॅल्शियमची गोळी हे माझ्या पाहण्यातील सर्वांत मोठे खोटे समाधान आहे. बाईला वाटते की उपचार चालू आहे, म्हणून धोका टळला. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे बांधकामाचे साहित्य झाले. पाळी गेल्यानंतर हाड खणून काढणाऱ्या पेशी भरून काढणाऱ्या पेशींपेक्षा अधिक वेगाने काम करतात, आणि तो वेग नुसते साहित्य आणून टाकल्याने कमी होत नाही. उणे २.७ असताना त्या खोदकामाला आवर घालणारे औषध घ्यावे का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे.

भिरभिर

आमच्या गावी शिबिरात टाच एका यंत्रात ठेवून तपासणी झाली आणि मला "पिवळा" निकाल मिळाला. लाल नाही म्हणून मी निर्धास्त आहे. ते योग्य आहे का?

केवडा

टाचेची ध्वनिलहरींची तपासणी ही चाळणी आहे, तिच्यावरून निदान करता येत नाही आणि निर्धास्तही होता येत नाही. वय, पूर्वीचा अस्थिभंग, पाळी लवकर गेली का, गर्भाशयाबरोबर अंडाशये काढली आहेत का, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का, हे डॉक्टरांना सांगून डेक्साची गरज विचारा. आपल्या भागात चाळिशीच्या आत ही शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळ बायका आहेत आणि त्यांतील बहुतेकींना तिचा हाडांशी संबंध कोणी सांगितलेला नसतो. काढलेल्या पिशवीचे कागदही त्यांच्याकडे नसतात, त्यामुळे अंडाशये राहिली की गेली हेच त्यांना माहीत नसते.

पडवीतला

गेले दोन दिवस मी हा धागा वाचतो आहे. चिरेबंदीताईंचा प्रतिसाद वाचून आईचे शेवटच्या वर्षांतील छायाचित्र काढून पाहिले. ती बरीच वाकलेली होती. यापुढे तिचे उदाहरण मी देणार नाही.

तरीही एक शंका उरते, आणि ती मी पत्नीसाठी विचारतो आहे, कारण तिचा अहवालही आमच्याकडे पडून आहे. या औषधांनी जबड्याचे हाड कुजते आणि मांडीचे हाड आपोआप मोडते असे आम्हाला एका नातेवाइकांनी सांगितले. ते खोटे आहे का?

केवडा

दादा, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

ते खोटे नाही, पण त्याचे प्रमाण सांगितले जात नाही. ऑस्टिओपोरोसिससाठी जी मात्रा देतात तिच्यामुळे जबड्याचा तो त्रास वर्षाला दहा हजार रुग्णांत एखाद्यास किंवा त्याहूनही कमी जणांस होतो. दातांचे मोठे काम असल्यास ते आधी उरकून घ्यावे. मांडीच्या हाडाचा वेगळ्या प्रकारचा अस्थिभंगही दुर्मीळ आहे, तो प्रामुख्याने बरीच वर्षे औषध घेतल्यावर दिसतो आणि म्हणूनच काही वर्षांनी डॉक्टर औषधाला विश्रांती देण्याचा विचार करतात. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या झोलेड्रॉनिक आम्लाची सुमारे पावणेआठ हजार स्त्रियांवर तीन वर्षे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्या गटाच्या तुलनेत मणक्यांचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतील एक व्यक्ती वर्षाच्या आत दगावते, आणि जे वाचतात त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

औषधाचा धोका मोठा आणि आजाराचा धोका लहान वाटतो, याचे कारण मला असे दिसते की औषध आपण स्वतःच्या हाताने तोंडात घालतो, तर हाड आपल्या नकळत विरळ होत असते. आपण केलेल्या गोष्टीचा दोष आपल्यावर येतो, न केलेल्या गोष्टीचा शेवाळावर.

तिरफळ

हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीचा माझा अनुभव सांगते, म्हणजे कोणाला उपयोग होईल. मी ती पहिले दोन महिने चहाबरोबर घेतली आणि परत अंथरुणावर पडले, त्यामुळे छातीत भयंकर जळजळ झाली आणि औषध सोडले. नंतर समजले की ती उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. आता दर सोमवारी गोळी घेऊन मी त्या अर्ध्या तासात परसात फुले काढते. तीन वर्षे झाली, काही त्रास नाही.

अबोली

खांदा बरा झाल्यावर मी काय केले तेही लिहिते. औषध सुरू केले, आणि केवडाताईंसारख्याच एका बाईंनी मला दोन व्यायाम दिले. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचे, आणि ओट्याला एक हात लावून एका पायावर उभे राहायचे. पहिल्या दिवशी एकदाही उठता आले नाही. आता दहा वेळा उठते. आडाळीवर जमिनीवर बसून वाकून नारळ खवणे बंद केले आणि खवणी ओट्यावर बसवून घेतली, कारण पुढे वाकून जोर लावला की मणक्यांवर भार येतो. यंदा पावसाळ्यातही देवळात जाते, रबरी तळव्याच्या चपला घालून आणि काठी घेऊन.

सुरंगी

सर्वांचे प्रतिसाद मी दोन-दोनदा वाचले. केवडाताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला एवढे दिवस लागले, कारण मला खात्री करायची होती.

पंचांगातून तो कागद काढला आणि पहिल्यांदाच मागची बाजू वाचली. तिथे माझी माहिती लिहिलेली आहे. वय ६३, वजन, उंची, धूम्रपान नाही, स्टेरॉइड नाही. आणि त्याच रांगेत, पूर्वीचा अस्थिभंग, नाही. डॉक्टरांची चूक झाली असे प्रथम वाटले. नंतर तो दिवस आठवला. त्यांनी मला स्पष्ट विचारले होते, "याआधी कधी हाड मोडले आहे का?" आणि मी उत्तर दिले होते, "नाही, एकदा फक्त घसरून पडले होते." हात त्या वेळी मांडीवरच होता. प्लास्टर विसरले होते म्हणून नव्हे, तर खरोखर असेच वाटत होते म्हणून मी ते बोलले. माझ्या लेखी पडण्याची ती हकीगत होती, हाड मोडण्याची नव्हती.

काल मुलीला घेऊन पुन्हा गेले. मनगटाची नोंद भरल्यावर आकडा ८ वरून १३ झाला आणि खुब्याचा २.६ वरून ३.९. डॉक्टर म्हणाले की अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वांत खुब्यासाठी ३ टक्के ही उपचाराचा विचार करण्याची मर्यादा मानतात, आणि माझा टी-स्कोअरच उणे २.५ च्या खाली असल्यामुळे खरे तर या गणिताचीही वाट पाहायला नको होती. माझी उंचीही मोजली. लग्नाच्या वेळेपेक्षा तीन सेंटिमीटर कमी भरली. रक्तातील ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी करायला दिली आहे. ते ठीक असल्यास वर्षातून एकदा घ्यायचे औषध सुरू करायचे ठरले आहे, कारण दर आठवड्याला इतक्या दूर राहून कोणी आठवण करून देणार नाही, असे मुलीचे म्हणणे पडले.

मागील दारच्या पायरीवरचे शेवाळ काल गड्याकडून ब्लीचिंग पावडर आणि तारेच्या ब्रशने घासून घेतले. कळशी मात्र अजून मीच आणते, आता दोनऐवजी चार खेपांत, अर्धी-अर्धी भरून.

पडवीतला

सुरंगीताई, पत्नीची फाइल आत्ताच काढली. तिचेही सात वर्षांपूर्वी पावलाचे हाड मोडले होते आणि तिच्याही कागदावर "नाही" असेच लिहिलेले आहे. त्या दिवशी तिच्या वतीने उत्तर मी दिले होते. सोमवारी जातो आहोत.

केवडा

जरूर जा, आणि जाताना त्या पावलाचा जुना एक्स-रे सोबत न्या. तो नाही सापडला तरी साल आणि प्रसंग लिहून न्या, आणि उत्तर या वेळी वहिनींना देऊ द्या.